भाव कोणी चढवला?

माझ्या आजोबांच्या, आबाजींच्या वस्तऱ्याचं पातं आता जेमतेम साडेनऊ मिलिमीटर रुंद उरलं आहे. व्हर्निअर लावून मोजलंय मी. नागपुरात महाल भागात गांधी गेटजवळच्या एका गल्लीत आमचं दुकान होतं. एक खुर्ची, एक आरसा, बाहेर गिऱ्हाईकांना बसायला बाकडं. त्या एका वस्तऱ्यावर आबाजींनी घर चालवलं. पुढे बाबा दुकानात बसू लागले तोवर एड्सची धास्ती सगळीकडे पसरली होती आणि जो तो डोळ्यांसमोर नवं ब्लेड काढायला लावायचा. मग अर्धं ब्लेड बसवायचा उस्तरा आला आणि आबाजींचा वस्तरा हजामतीच्या सामानाच्या धोकटीत गेला. नखं काढायची नराणी, तुरटीचा खडा, चामड्याचा पट्टा, सगळं अजून त्याच धोकटीत आहे.

मी दुकानात बसलो नाही, हिशेबाच्या नोकरीत गेलो. पण तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत धोकटी उघडली आणि भिंग लावून त्या वस्तऱ्यावरची अक्षरं वाचली. जोसेफ रॉजर्स अँड सन्स, ६ नॉरफोक स्ट्रीट, शेफिल्ड. म्हणजे वस्तरे बनवणारं इंग्लंडमधलं घराणं. बाजूला तारा आणि क्रॉसची खूण. अक्षरं अर्धी झिजलेली. दगडावर घासून घासून पातं निम्म्यावर आलेलं. हा वस्तरा नवा होता तेव्हा कसा दिसत असेल, हे मला एकदा पाहायचं होतं. त्याच घराण्याचा, पूर्ण रुंदीचा एक वस्तरा मिळवायचा असं मी ठरवलं, आणि त्यापायी ऑनलाइन लिलावात शिरलो.

शेफिल्डचे वस्तरे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर गेले होते, त्यामुळे आजही ते तिकडच्या घरांच्या माळ्यांवरून निघतात. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या पत्त्यावर मागवायचं आणि तो नागपूरला येताना चेक-इनच्या बॅगेत घेऊन येणार, असं आमचं ठरलं. बहुतेक लिलाव त्यांच्याकडे रविवारी रात्री संपतात. तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. म्हणजे ऐन नळ यायच्या वेळी. एका हातात बादली आणि एका हातात मोबाइल, अशा कितीतरी सोमवारच्या सकाळी गेल्या.

आधी सहा महिने मी नुसतं पाहिलं, बोली लावली नाही. वस्तऱ्याचा दर कशावर ठरतो ते शिकलो. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या हिश्शात मोजतात, पाच-अष्टमांश, सहा-अष्टमांश. धार लावताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, त्यामुळे पाठ किती सपाट झाली आहे त्यावरून पातं किती वर्षं घासलं गेलं ते कळतं. फोटोत विकणारे धार मोठी करून दाखवतात, पाठ दाखवत नाहीत. मूठ शिंगाची असेल तर खिळ्याजवळ चीर आहे का पाहायचं. सेल्युलॉइडची असेल तर जास्त जपायचं, कारण ते जुनं होऊन कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने मधोमध पातं गंजतं, आणि फोटोत तो गंज नुसत्या सावलीसारखा दिसतो. शिक्क्याखाली ‘इंग्लंड’ हा शब्द आहे का तेही पाहायचं. अमेरिकेने १८९०च्या आयात कायद्यात मालावर देशाचं नाव घालायची सक्ती केली, म्हणून तो शब्द असलेला वस्तरा साधारण १८९१ नंतरचा धरतात. व्ही आणि आर ही अक्षरं आणि मध्ये मुकुट असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१.

हे सगळं मला आवडलं, अजून आवडतं. पण एवढं शिकूनसुद्धा एक गोष्ट कळत नव्हती. त्याच रुंदीचे, तसेच घासलेले, तशीच मूठ असलेले दोन वस्तरे, एक चाळीस डॉलरला जातो आणि दुसरा दीडशेला. वाटलं, आपल्याच डोळ्यांना फरक दिसत नाही.

मागच्या सप्टेंबरात एक सहा-अष्टमांशचा रॉजर्स आला. पाठ जवळपास कोरी, काळ्या शिंगाची मूठ. बोली अडतीस डॉलरवर होती. मी कागदावर लिहिलं, पंच्याऐंशी, याच्या वर एक सेंट नाही. आणि ती माझी कमाल बोली म्हणून भरली.

आता इथे ही पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुम्ही पंच्याऐंशी भरले म्हणजे लगेच पंच्याऐंशी दिसत नाहीत. संगणक तुमच्यासाठी बोलत राहतो, दुसऱ्याच्या वर जेवढं लागेल तेवढंच. तिथे पंचवीस ते शंभर डॉलरच्या दरम्यान एकेक डॉलरने बोली चढते. दुसऱ्याची कमाल त्रेचाळीस असेल तर मला तो वस्तरा चव्वेचाळीसला मिळणार. म्हणजे मी किती द्यायला तयार आहे यावर भाव ठरत नाही, माझ्या खालोखालचा माणूस किती द्यायला तयार आहे यावर ठरतो. विल्यम विकरी नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ साली अशा लिलावांचं गणित मांडलं, आणि १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पद्धत खरोखर चांगली आहे. अट एकच, खालोखालचा माणूस खरा पाहिजे.

माझी बोली पडल्यावर भाव चव्वेचाळीस दिसायला लागला. शुक्रवारी रात्री निरोप आला, तुमच्यावर बोली गेली, आता शहाऐंशी. ठीक आहे, गेला म्हटलं. दोन तासांनी पुन्हा निरोप, सगळ्यात वरची बोली तुमचीच, भाव चव्वेचाळीस. शहाऐंशीवाल्याने बोली मागे घेतली होती. कारण दिलं होतं, रक्कम चुकून जास्त टाइप झाली. मला आनंद झाला, खोटं का सांगू. सोमवारी सकाळी शेवटच्या तासात दुसऱ्याच एका खात्यावरून चौऱ्याऐंशीची बोली आली आणि वस्तरा मला पंच्याऐंशीला मिळाला. पूर्ण कमाल रकमेला. पैसे भरले.

भाच्याने पुढच्या खेपेला तो आणला. बाबांनी आधी हात पुसले, मग उघडला. अंगठ्याच्या नखावर धार हलकेच टेकवून पाहिली, उजेडात धरला, पात्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “केवढ्याले पडला रे?”

“पंच्याऐंशी डॉलर. सात हजारांच्या वर.”

“तेवढ्याचा हाये का?”

मला उत्तर देता आलं नाही. वस्तरा चांगला होता. पण बाबांनी विचारलं ते वेगळंच होतं, आणि त्या रात्री मी पहिल्यांदा त्या लिलावाचा बोलींचा इतिहास उघडून नीट वाचला.

तिथे बोली लावणाऱ्यांची नावं झाकलेली असतात. एक अक्षर, तीन फुल्या, आणखी एक अक्षर, आणि कंसात त्याला आजवर मिळालेले अभिप्राय. पण नावावर टिचकी मारली की त्याचा तीस दिवसांचा गोषवारा दिसतो. किती बोल्या लावल्या, किती मागे घेतल्या, आणि त्यातल्या किती टक्के याच विकणाऱ्याच्या मालावर. शहाऐंशीवाल्याचे अभिप्राय दोन. महिन्यात मागे घेतलेल्या बोल्या नऊ. याच विकणाऱ्याकडे शंभर टक्के.

पलंगावर बसून मी कागदावर गणित मांडलं. कोणीतरी एक मोठी रक्कम टाकली, दोनशे असेल, पाचशे असेल. संगणकाने भाव माझ्या कमाल बोलीच्या एक डॉलर वर नेला, म्हणजे शहाऐंशी. झालं, त्याला माझा आकडा कळला. ज्या आकड्यावर माझा सगळा भरवसा होता, जो मी घरातसुद्धा कोणाला सांगितला नव्हता, तो दोन मिनिटांत त्याच्या हातात. मग बोली मागे घ्यायची, आणि शेवटी दुसऱ्या खात्यावरून माझ्या आकड्याच्या बरोबर एक डॉलर खाली बोली लावायची. गिऱ्हाईकही सुटत नाही आणि एक डॉलरही सुटत नाही. चव्वेचाळीस आणि पंच्याऐंशीमधले एकेचाळीस डॉलर मी कोणत्याच माणसाशी स्पर्धा करून दिले नव्हते.

शिल बिडिंग म्हणतात याला. रस्त्यावर तीन पत्त्यांचा खेळ लावतात ना, तिथे गर्दीत एक जण आधी जिंकून दाखवतो, तो त्यांचाच असतो. तोच हा माणूस. फरक एवढाच, त्या गर्दीतल्या माणसाचं तोंड तरी दिसतं.

लहानपणी मामासोबत मी कळमना मार्केटला जायचो. मामाची काटोलकडे संत्र्याची बाग. आंबिया बहाराच्या दिवसांत जमिनीवर ढिगांच्या रांगा लागत आणि अडत्या एकेका ढिगाशी थांबून बोली पुकारायचा. मामा मला म्हणायचा, “मालाकडे नको पाहू, तोंडाकडे पाहा. घ्यायचं आहे का नुसतं बोलून राहिला, तोंडावर दिसते.” मोबाइलच्या लिलावात ते तोंडच नाही. तोंडाच्या जागी तीन फुल्या आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घातली. डावीकडे विकणारा, मध्ये बोलीदार, उजवीकडे टक्के आणि मागे घेतलेल्या बोल्या. हिशेबाची सवय असल्याने हे काम मला जमलं. चार महिन्यांत सव्वाशेच्या वर लिलाव नोंदवले. बहुतेक अगदी स्वच्छ होते, हेही सांगायला पाहिजे. त्यात बनावट बोल्या शोधूनही सापडल्या नाहीत. जिथे काळंबेरं होतं तिथे मात्र तेच तेच दिसायचं. अभिप्राय शून्य ते पाच, बोली नेहमी पहिल्या पाच दिवसांत, शेवटच्या मिनिटाला कधीच नाही, आणि जिंकणं जवळपास कधीच नाही. ज्याला वस्तू खरंच हवी असते तो शेवटपर्यंत हात राखून ठेवतो. आठवडाभर आधी भाव चढवून स्वतःचंच नुकसान कोण करेल?

एक वस्तरा माझ्या वहीत तीनदा आहे. शेफिल्डचाच, पण दुसऱ्या घराण्याचा. त्याच्या शिक्क्यातल्या शेवटच्या अक्षराखाली गंजाचा एक खड्डा आहे, अगदी स्वल्पविरामासारखा, शेपूट डावीकडे वळलेलं. मुठीच्या मधल्या खिळ्यापासून निघालेली केसाएवढी चीर आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो एकशे बेचाळीस डॉलरला ‘विकला’ गेला. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच विकणाऱ्याच्या नावावर आला, फोटो नवे, मागचं कापड निळ्याऐवजी हिरवं. मी फोटो मोठा केला आणि स्वल्पविराम सापडला. या वेळी एकशे साठ. डिसेंबरात तिसऱ्यांदा आला. तिन्ही वेळा बोलीदारांत तीच दोन खाती होती.

इथे नुसत्या एका गिऱ्हाइकाचं नुकसान नाही. आम्ही सगळे भाव कुठून शिकतो, तर आधी विकल्या गेलेल्या मालाच्या यादीतून. त्या यादीत हे खोटे एकशे बेचाळीस आणि एकशे साठ कायमचे बसतात. उद्या एखाद्या बाईला वडिलांच्या पेटीत वस्तरा सापडला की ती तोच भाव पाहून किंमत ठेवणार, आणि माझ्यासारखा कोणी तोच भाव पाहून हो म्हणणार. खोट्या बोलीने भाव चढतो, आणि नंतर तो खोटा भाव खरा म्हणून चालत राहतो. याचा मला फार राग आला. अजून येतो.

आमच्या शेजारी एक वकीलकाका राहतात. त्यांना वही दाखवली तर त्यांनी कपाटातून १९३० चा मालविक्री कायदा काढला आणि कलम ६४ वर बोट ठेवलं. विकणाऱ्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क आधीच जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः बोली लावणं किंवा आपला माणूस उभा करणं बेकायदा. भाव चढवायला बनावट बोली वापरली असेल तर तो सौदा रद्द करायचा हक्क घेणाऱ्याला. जवळपास शंभर वर्षं हे आपल्या कायद्यात आहे! काका म्हणाले, “पण तुझा विकणारा तिकडे बसला आहे. त्याला हे कलम लावायला तू नागपूरच्या कोर्टात कुठे आणशील?” तिकडेही हा गुन्हाच आहे. २००० साली अमेरिकेत एका ऑनलाइन लिलावात रिचर्ड डिबेनकॉर्न यांचं म्हणून भासवलेलं एक चित्र १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढलं. बनावट खात्यांवरून एकमेकांच्या मालावर बोल्या लावणाऱ्यांची टोळी त्यामागे निघाली आणि पुढच्या वर्षी तिघांवर खटला भरला गेला. पण ते लाखांचं प्रकरण होतं. एकेचाळीस डॉलरसाठी कोण येणार?

तरी मी तक्रार केली. लिलाव चालवणाऱ्यांच्या अर्जात जेमतेम काही ओळींची जागा होती. मी वहीतली पानं नीट टाइप केली, स्क्रीनशॉट जोडले, स्वल्पविरामाचे तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, आणि पाच खात्यांची नावं कळवली. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. आम्ही तपासू, गोपनीयतेमुळे निष्कर्ष कळवता येणार नाही. मी पुन्हा लिहिलं, तेच उत्तर शब्दाला शब्द आलं. विकणाऱ्यालाही मी सरळ विचारलं. तो म्हणाला, नको असेल तर परत पाठवा, टपालखर्च तुमचा. भाच्याने वस्तरा इकडे आणला होता, बाबांनी तो त्यांच्या पट्ट्यावर फिरवलाही होता. मी परत पाठवला नाही.

याच तक्रारीत माझ्याकडून एक मोठी चूक झाली. पाच खात्यांमधलं एक होतं टी, तीन फुल्या, एन. अभिप्राय सव्वाचारशे, पण एकाच विकणाऱ्याकडे अठ्ठ्याहत्तर टक्के बोल्या, आणि जवळपास प्रत्येक वेळी दुसरा नंबर. मी त्याच्या नावापुढे लाल खूण केली आणि कळवून टाकलं. नंतर त्या विकणाऱ्याचा माल सावकाश पाहिला तेव्हा उलगडा झाला. कोण्या वारलेल्या संग्राहकाचे शेकडो वस्तरे त्याचे घरचे लोक एकेक करून विकत होते. शौकीन सगळे तिथेच गोळा झाले होते. म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के येणारच, संत्र्याच्या हंगामात सगळे व्यापारी कळमन्यालाच दिसतात तसे. त्याची एकही बोली मागे घेतलेली नव्हती. बोल्या शेवटच्या दहा सेकंदांतल्या. तो माझ्यासारखाच मर्यादा ठरवून बसणारा माणूस होता, आणि मी त्याला चोरांच्या यादीत घातलं होतं. मी लगेच दुरुस्ती पाठवली. ती कोणी वाचली का, मला कळायला मार्ग नाही. माफी मागायला त्याचं नावही नाही माझ्याकडे.

त्यानंतर मी वहीत नियम केला. नुसत्या टक्क्यांवर कोणाला लाल खूण नाही. टक्के, मागे घेतलेल्या बोल्या आणि तोच माल परत येणं, तिन्ही जुळलं तरच. जिंकणारा पैसे न भरता पळाला तरी माल परत लिलावात येतो, त्यात विकणाऱ्याचा दोष नसतो, हेही समासात लिहून ठेवलं.

माझी बोली लावायची रीतही बदलली. आकडा आधी कागदावर, पण यंत्रात टाकायचा तो शेवटच्या सात-आठ सेकंदांत, एकदाच. काही लोकांना ही लबाडी वाटते. मला वाटत नाही. आकडा चाचपून पाहायला वेळच राहिला नाही, तर चाचपणारा काय करेल? घड्याळ जुळवून घ्यायचं, मोबाइलचं नेट कसं आहे ते आधी पाहायचं, आणि बादली जरा बाजूला ठेवायची.

स्वल्पविरामाचा वस्तरा ज्यांच्या नावावर आला होता, त्या दोन विकणाऱ्यांपैकी एकाचं पान फेब्रुवारीत उघडेनासं झालं. दुसऱ्याचं अजून चालू आहे. माझ्या तक्रारीने झालं की आणखी कोणाच्या, सांगता येत नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी त्या वारलेल्या संग्राहकाच्या मालात एक रॉजर्स निघाला, पाच-अष्टमांशचा. आबाजींचा मुळात तेवढाच असावा, कारण मूठ, लांबी, शिक्क्याची जागा, सगळं तंतोतंत. जवळपास सोळा मिलिमीटरचं पातं, आणि ‘नॉरफोक स्ट्रीट’ पूर्ण वाचता येत होतं. बाबांना दाखवलं. ते मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “हाच हाये बाप्पा. असाच होता तो.” बाबांनीही तो नवा कधी पाहिला नसणार. पण त्यांनी तसं म्हटलं.

मी कागदावर नव्वद लिहिलं. सोमवारी सात वाजून एकोणतीस मिनिटं बावन्न सेकंदांनी आकडा टाकला. वस्तरा मला बासष्टला मिळाला. बोलींचा इतिहास उघडला तर माझ्या खालोखाल, एकसष्टवर, सात सेकंद बाकी असताना आलेली बोली टी, तीन फुल्या, एन याची होती.

मी वही काढली, त्याच्या नावापुढची लाल खूण खोडली, आणि शेजारी एकसष्ट लिहिलं. वस्तरा भाच्याकडे पोचला आहे. तो मे महिन्यात येतो आहे.